चंद्राबाईंचं डोकं

रेवा, मागच्या रविवारी फोनवर तू म्हणालीस, "आजी, डोकं दुखतंय म्हणून सुट्टी मागितली, तर आमचा साहेब हसला." सांगताना तू स्वतःही हसलीस. मला हसू आलं नाही. मला चंद्राबाई आठवल्या. त्या असत्या तर त्यांनी आधी तुझ्या साहेबाचं नाव विचारलं असतं आणि ते जन्मभर लक्षात ठेवलं असतं. ईशान, तूही वाच. उद्या हसणाऱ्यांत तू नसावास म्हणून वाच. आणि आधीच सांगून ठेवते, ही क्षमेची गोष्ट नाही. क्षमेच्या गोष्टी मी शाळेत तीस वर्षं शिकवल्या, तेवढ्या पुरेत.

नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं तेव्हा आम्ही नाशकात गंगापूर रस्त्याच्या बाजूला घर बांधलं. तेव्हा तिथे अजून मळे होते. आमच्या कुंपणाला लागूनच चंद्राबाईंच्या घराचा मळा. झेंडू, शेवंती, निशिगंध, मोगरा, आणि मधल्या वाफ्यांत मेथी-कोथिंबीर. रोज पहाटे त्यांचा टेम्पो फुलबाजारात जायचा आणि त्याच्या मागे आमच्या अंगणापर्यंत सुवास रेंगाळायचा. मी खोल श्वास घेऊन म्हणायचे, काय भाग्य! त्याच वासानं कुंपणापलीकडे एका बाईचं अर्धं डोकं फुटायला आलेलं असायचं, हे मला ठाऊक नव्हतं.

पहिली भेट संक्रांतीची. मी हळदीकुंकवाचं बोलावणं द्यायला गेले होते. त्यांची सून शोभा म्हणाली, "आत्याबाई आत हायेत, पण आज..." मी "आज"चा अर्थ न लावता आत गेले. बियाण्याची खोली होती. खिडकीवर गोणपाट टाकलेलं. कोपऱ्यात भिंतीला टेकून एक सावळी, उंच, साठीकडे झुकलेली बाई बसली होती. कपाळावर सुंठीचा लेप, त्यावर करकचून बांधलेलं फडकं.

"कोण?"

"मी शेजारची. शाळेतली बाई."

"तुम्ही चांगल्या असाल बाई, पण तुमचा वास उंबऱ्याबाहेर ठेवा."

माझ्या मनगटावर अत्तर होतं. मी घरी गेले, साबणानं हात कोपरापर्यंत धुतले, साडी बदलली आणि परत गेले. त्यांनी एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, "हात धुऊन परत आलेली तुम्ही पहिलीच." आमच्या मैत्रीची सुरुवात ही अशी.

त्यांना अर्धशिशी होती. लग्नाआधीपासून, चौदाव्या-पंधराव्या वर्षापासून. आधी डोळ्यांपुढे दातेरी उजेड फिरायचा. त्याला त्या "करवत" म्हणत. बोलता बोलता थांबायच्या, हवेत डावीकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "आली करवत." करवत आली की अर्ध्या तासात त्यांना चूल, गोठा, नातवाचं अंघोळपाणी सगळं उरकायचं असे, कारण त्यानंतर एक-दोन दिवस त्या माणसांत नसायच्या. बायकांचं हे दुखणं उतारवयात बहुधा कमी होतं म्हणतात. त्यांचं झालं नाही. "माझ्या डोक्याला वय कळत नाय," त्या म्हणायच्या.

उपाय सगळे झाले होते. नाकात तूप, कपाळाला वेखंड, कुठल्याशा बाबाचा दोरा. सासू होती तोवर एकवीस दिवस सूर्य उगवायच्या आत गरम जिलबी आणि दूध. "एकवीस दिवस खाल्ली आणि एकवीस दिवस ओकले," त्या सांगत. "सासूबाई गेल्या, जिलबी गेली, डोकं तेवढं राहिलं."

पण दुखण्यापेक्षा त्यांना दुसरंच काही जास्त खुपायचं. "पाय मोडला असता तर बरं झालं असतं," त्या एकदा म्हणाल्या. "पाय मोडलेला दिसतो. माणसं तांब्या भरून देतात. माझं दिसत नाय, म्हणून मी नाटकी." हा शब्द ज्यानं ज्यानं उच्चारला, तो माणूस, तो दिवस, तेव्हा त्याच्या अंगात कोणता सदरा होता, हे सगळं त्यांना पाठ होतं. आणि त्या वाट बघायच्या. घाई नसायची.

त्यांची नणंद एका लग्नघरात म्हणाली होती, "कामाच्या दिवशीच बरं डोकं दुखतं हिचं." अकरा वर्षांनी नणंदेचे गुडघे धरले आणि ती माहेरी विश्रांतीला आली. पहिल्याच सकाळी चंद्राबाईंनी तिच्यापुढे निवडायला मेथीचा ढीग आणून ओतला. नणंद कण्हत म्हणाली, "वहिनी, उठवत नाही गं." चंद्राबाई म्हणाल्या, "कामाच्या दिवशीच बरे धरतात तुमचे गुडघे." नणंद तिसऱ्या दिवशी परत गेली.

मीही सुटले नाही. ओळख नवी असताना मी शहाणपणानं म्हणाले होते, "मन जरा दुसरीकडे गुंतवून बघा." कुंपणावरून मला रोज येणारी कोथिंबीर त्या दिवसापासून बंद झाली. दोन महिन्यांनी माझी दाढ सुजली. गाल धरून ओट्यावर बसले होते, तर ह्या कुंपणाशी आल्या, मला नीट न्याहाळलं आणि म्हणाल्या, "मन दुसरीकडं गुंतवा, बाई." दुसऱ्या दिवसापासून कोथिंबीर सुरू. माझी शिक्षा संपली होती. त्यानंतर कुणाच्याही दुखण्यावर मी शहाणपणा केलेला नाही.

आता नाना. नाना म्हणजे त्यांचा धाकटा दीर. चंद्राबाईंचे यजमान आबा थोरले खरे, पण ते सगळा कारभार भावाच्या हाती देऊन पाटाच्या पाण्याशी बोलत बसणारे गृहस्थ. घर चालवायचे नाना. कडक इस्त्रीची टोपी, हातात छत्री, बोलण्यात दाणेदार विनोद. "माळ्याची सून अन् म्हणे फुलांनी डोकं दुखतं! उद्या मासोळी म्हणंल, पाण्यानं सर्दी होती." हा विनोद मी तीन वेळा ऐकला आणि तिन्ही वेळा बैठक हसली. नाना मनानं वाईट नव्हते असं लोक म्हणतात. मी म्हणत नाही.

त्या घराला एक मान होता. चैत्रातल्या जत्रेत गावदेवीला पहिला हार ह्या घरचा. पुरुषभर लांबीचा, निशिगंध आणि मोगऱ्याचा. आणि रीत अशी की तो थोरल्या सुनेनंच ओवायचा, ती असेपर्यंत दुसऱ्या कुणी सुईला हात लावायचा नाही. एखाद्या वर्षी हार चुकला तर मान वरच्या मळ्यातल्या भाऊबंदांकडे जाणार, आणि गेलेला मान परत येत नाही. तीन दिवस चंद्राबाई हार ओवत खोलीत बसायच्या. फुलं सुकू नयेत म्हणून दारं-खिडक्या बंद, भिजवलेली गोणपाटं टांगलेली, बाहेर चैत्राचं ऊन आणि आत तो दाट गोड वास. तीस-पस्तीस वर्षं त्यांनी हे केलं. मध्ये मध्ये उठून मोरीत ओकून यायच्या आणि परत सुई धरायच्या.

आणि जत्रा जवळ आली की नाना गोळ्या आणून द्यायचे. नाक्यावरच्या औषधाच्या दुकानातून, पाकिटातून कापलेल्या चार-सहा. "घ्या वहिनी, गोळी खावा अन् सुई घ्या." त्या गोळीनं ठणका खरंच उतरायचा. बोटं गार पडायची, मुंग्या यायच्या, पण हार पुरा व्हायचा. पुढे पुढे लग्नसराईतही गोळ्या येऊ लागल्या, मग दिवाळीतही. चंद्राबाईंना हे औषध कुणी डॉक्टरनं तपासून दिलेलं नव्हतं. दिरानं आणलं, वहिनीनं गिळलं.

शतक बदललं त्याच्या आसपासची जत्रा. चंद्राबाई तेव्हा पासष्टीच्या पुढे. दोन दिवसांत त्यांनी नानांच्या हातच्या गोळ्या बऱ्याच घेतल्या होत्या. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा जबडा दुखायला लागला, डावीकडून कानापर्यंत. घाम फुटला, उलटी झाली. त्या शोभाला म्हणाल्या, "हे माझं डोकं नाय. आज करवत आली नाय."

पन्नास वर्षं जी बाई एकाच दुखण्याबरोबर राहिली, ती सांगते आहे की हे ते नव्हे. यापेक्षा मोठा तज्ज्ञ कुठला हवा होता? शोभा धावत नानांकडे गेली. नाना दारात येऊन म्हणाले, "दरसालचंच हाय. अजून एक गोळी द्या." गोळी दिली. मग ते म्हणाले, "शेवटची गाठ तेवढी मारा वहिनी, मग निजा निवांत."

त्यांनी गाठ मारली. शोभा म्हणते, तीनदा सुटली, चौथ्यांदा बसली. हार ताटात ठेवला आणि त्या तिथेच आडव्या झाल्या. नाना हार घेऊन वाजतगाजत गेले. शोभा कुंपण ओलांडून माझ्याकडे आली. "बाई, चला. आत्याबाई म्हणतात करवत नाय आली, अन् कुणाला त्याचं काहीच वाटत नाय."

तुमच्या आजोबांनी गाडी काढली. जत्रेच्या गर्दीतून आम्ही त्यांना दवाखान्यात नेलं. रस्त्यात त्या एकच वाक्य बोलल्या, "बाई, मी मेले तर डोकं दुखून मेली म्हणतील. तसं म्हणू देऊ नका."

हृदयविकाराचा झटका होता. डॉक्टर बाई तरुण होत्या, शांत होत्या. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "कुठली औषधं घेतात?" शोभानं पदराच्या गाठीतून कापलेलं पाकीट काढलं. डॉक्टरांनी ते उजेडात धरून त्यावरचं नाव वाचलं. मग मला समजावून सांगितलं. ती गोळी रक्तवाहिन्या आवळते, म्हणून डोक्याचा ठणका थांबतो. पण आवळायचं म्हटल्यावर ती डोकं आणि हृदय असा भेद करत नाही. रक्तदाब असलेल्या, वय झालेल्या माणसाला ती देऊच नये. चंद्राबाईंचा रक्तदाब किती वर्षं चढलेला होता, हे मोजायला कुणी गेलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी नाक्यावरच्या दुकानात गेले. म्हटलं, त्या गोळीचं पूर्ण खोकं दाखवा. खोक्यात घडी केलेला माहितीचा कागद होता, मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांचा. गोळ्या सुट्या कापून विकल्या की हा कागद दुकानातच राहतो. तो मागून घेतला, भिंगाखाली वाचला आणि दवाखान्यात जाऊन चंद्राबाईंना मराठीत सांगितला. हृदयाचा विकार असल्यास देऊ नये. रक्तदाब असल्यास देऊ नये. बोटं गार पडल्यास, मुंग्या आल्यास तात्काळ बंद करावी.

"परत वाचा."

मी परत वाचला.

"हे आधीपासून लिहिलेलं व्हतं?"

"हो."

"सगळ्या खोक्यांत?"

"सगळ्या."

त्यांनी हात पुढे केला. मी कागद दिला. त्यांना एक अक्षर येत नव्हतं, पण त्यांनी तो घडी करून चोळीत ठेवला. मला तेव्हाच कळलं की त्यांच्या मनातल्या यादीत नानांचं नाव आता वेगळ्या जागी गेलं आहे.

डॉक्टरांनी हृदयासाठी आणि रक्तदाबासाठी नवीन गोळ्या सुरू केल्या. त्यातल्या एका गोळीनं हृदयाची धडधड आवरते, आणि कित्येकांची अर्धशिशीही कमी होते. चंद्राबाईंची निम्म्यावर आली. त्या आनंदतील असं मला वाटलं होतं. त्या भयंकर चिडल्या. "म्हणजे हे व्हतं? दुकानात व्हतं? अन् मी पन्नास वर्षं सुंठ उगाळली?" डॉक्टर बाई म्हणाल्या, "आजी, राग करायचा नाही आता. हृदयाला चांगला नाही." चंद्राबाईंनी उत्तर दिलं, "तुमची गोळी मी वेळेवर घेते. राग मला ठेवू द्या, त्याच्यावर मी जगते."

दवाखान्यातून सुटताना डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की आता डोकं मोठं उठता कामा नये, कारण उठलं तर ती जुनी गोळी देता येणार नाही आणि तो ताण हे हृदय सोसेल याची खात्री नाही. म्हणजे त्या खोलीत आणखी एक चैत्र म्हणजे मरण. हे मी आबांना सांगितलं, नानांना सांगितलं. नाना म्हणाले, "बघू, अजून वर्ष हाय."

वर्ष संपलं. जत्रेला पंधरा दिवस असताना नाना आले. मी चंद्राबाईंच्या ओट्यावर त्यांच्या गोळ्यांचा तक्ता करत होते. सकाळची, दुपारची, रात्रीची, प्रत्येकीचा रंग काढून.

"वहिनी, जत्रा आली."

"दरसाल येती."

"हाराचं कसं करायचं?"

चंद्राबाईंनी चोळीतला कागद काढला. वर्षभरात त्याच्या घड्या फाटायला आल्या होत्या. तो त्यांनी नानांपुढे ठेवला. म्हणाल्या, "भाऊजी, माझं दुखणं खरं व्हतं का खोटं, ते चार माणसांत सांगा. त्याच्याआधी माझ्याशी हार बोलू नका."

नाना टोपी सरळ करून निघून गेले. मग निरोप सुरू झाले. आबा येऊन म्हणाले, "नाना म्हणतो ते..." आणि वाक्य अर्धं टाकून पाटाकडे निघून गेले. मग एक नवं लुगडं आलं. ते त्यांनी घडीसकट परत पाठवलं. मग गावातून बातमी आली की वरच्या मळ्यात निशिगंधाच्या कळ्या राखून ठेवल्या आहेत. नानांची झोप उडाली असणार. गावात टोपीला जी किंमत होती, ती ह्या हारातून आलेली होती.

मला धास्ती वाटत होती ती वेगळी. मी चंद्राबाईंना म्हणाले, "समजा ते बोलले. मग तुम्ही हार ओवायला बसणार? डॉक्टर काय म्हणाल्या ते विसरलात?"

"आधी बोलू तर द्या," त्या म्हणाल्या आणि सुपातली मेथी निवडत राहिल्या.

तीन दिवस राहिले तेव्हा नाना आले. बरोबर भाऊबंदांतले दहा-बारा जण. अंगणात सतरंजी घातली. चंद्राबाई ओट्यावर बसल्या, मी आणि शोभा दाराशी. नानांनी घसा खाकरला.

"वहिनींचं डोकं... दुखत असंल."

"असंल नाय," चंद्राबाई म्हणाल्या.

"दुखतं."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"अन् तुम्ही काय म्हणायचा?"

नानांचा चेहरा काळवंडला. कुणीतरी मागून म्हणालं, "नाना, जाऊ द्या, मोठी भावजय हाय, बोलून टाका." नाना खाली बघत म्हणाले, "मी नाटक म्हणायचो. ते खोटं व्हतं. दुखणं खरं हाय. गोळीबी मीच आणून द्यायचो."

कुणी हसलं नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्या विषयावर बैठक हसली नाही. मी चंद्राबाईंकडे पाहिलं. मला वाटलं रडतील. त्यांनी पदर सारखा केला.

"सगळ्यांनी ऐकलं?"

"ऐकलं," माणसं म्हणाली.

नाना सुटल्यासारखे उठले. "मग वहिनी, उद्यापासून बसताय ना? फुलं तोडायला सांगतो."

चंद्राबाईंनी बाकीच्यांकडे तोंड केलं. आवाज अगदी साधा, भाव विचारावा तसा. "तुम्हीच सांगा. दुखणं खरं हाय म्हणतात हे. हृदय फाटलेली बाई हाय म्हणतात. खऱ्या दुखण्याच्या बाईला कुणी तीन दिवस फुलांत बसवतं का? खोट्याची गोष्ट येगळी व्हती."

 मग एक म्हातारे गृहस्थ हळूच म्हणाले, "बरोबर हाय बाईचं." दुसऱ्यानं मान हलवली. नाना उभेच होते. आता त्यांना ना पुढे जाता येत होतं ना मागे. मागे जायचं तर स्वतःचंच चारचौघांतलं बोलणं गिळावं लागलं असतं. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी नजर काढून घेतली नाही. इतकं समाधान मला कुठल्याही बक्षीस समारंभात मिळालेलं नाही, हे तुम्हाला खरं सांगते.

मान गेला. ज्या घरानं थोरल्या सुनेकडून तो तीस-पस्तीस वर्षं ओरबाडून घेतला, त्या घरातून तो तिनंच काढून दुसरीकडे दिला. पुढे बऱ्याच जणांनी मला विचारलं, गावदेवीच्या हाराशी असं करावं का? मी म्हणते, देवीनं तो हार मागितल्याचं कुणी ऐकलं होतं? मागणारा कोण होता ते मला माहीत आहे.

त्यानंतर चंद्राबाई बरीच वर्षं जगल्या, तक्त्याप्रमाणे गोळ्या घेत, रागासकट. पण मला त्या आजही दिसतात, मान गेला त्याच वर्षीच्या जत्रेच्या दिवशीच्या. गर्दीपासून लांब असाव्यात म्हणून मी त्यांना आमच्या घरी आणून बाजूच्या खोलीत बसवलं होतं. पडदे ओढलेले, कपाळावर ओलं फडकं. बाहेर बँड वाजायला लागला. वरच्या मळ्याकडून हार निघाला होता. आवाज जवळ येऊ लागला तशी मी खिडकीची फटही लावून घ्यायला उठले.

"लावू नका," त्या म्हणाल्या. "उघडा सगळी."

"अहो, ढोल आहेत. डोकं उठेल."

"उठू द्या. आज माझ्या मर्जीनं उठतंय."

मी खिडकी सताड उघडली. बँड आमच्या फाटकावरून गेला. ताटात मोगऱ्याचा तो भला लांब हार, आणि मिरवणुकीच्या कडेनं, हातात काही नसलेले नाना. चंद्राबाईंनी डोळे मिटून घेतले होते, एका हातानं कपाळ दाबून धरलं होतं आणि दुसऱ्या हाताची बोटं मांडीवर ढोलाचा ठेका धरत होती.